फॅट ३.५ नेमकी कुठल्या वर्गात टाकायची?

गोठ्यातली: एफवायला आहे, संख्याशास्त्राचा प्रकल्प परवा द्यायचाय. फलटणच्या बाजूचं आमचं गाव. पप्पा दूध संकलन केंद्रावर असतात, म्हणून तिथलीच वही उचलली. एका सकाळचं गायीचं दूध, ४० उत्पादक, ज्याला जी फॅट (दुधातला स्निग्धांश, टक्क्यांत) लागली ती. सगळ्यात कमी ३.१, जास्त ४.५. वर्ग पाडले ३.१–३.३, ३.३–३.५, ३.५–३.७ असे ४.३–४.५ पर्यंत सात. ताळ्याच्या खुणा दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा बेरीज ६०! पप्पा म्हणाले, "एवढे लोक दूध घालायला आले असते तर मी टेम्पो नसता का घेतला?" सरांनी लाल पेनाने 'बेरीज बघा' एवढंच लिहिलंय.

निवृत्त मास्तर: ताई, ३.५ ची खूण कुठल्या रांगेत मारलीस?

गोठ्यातली: दोन्हीत. दोन्हीकडे ३.५ लिहिलंय ना!

निवृत्त मास्तर: तिथेच वीस आगंतुक शिरले. असमावेशक पद्धतीत वरची मर्यादा त्या वर्गाची नसते. ३.५ पुढच्या वर्गात, ३.७ त्याच्या पुढच्या. पण मग तुझा ४.५ वाला उंबऱ्याबाहेर राहील आणि बेरीज ३९ येईल. त्याच्यासाठी आठवा वर्ग काढ, ४.५–४.७.

एमएस्सी पार्ट टू: आठ जास्त होतात. किती वर्ग पाडायचे हे सांगणाऱ्या स्टर्जेसच्या १९२६ च्या सूत्राने ४० नोंदींना साधारण सहाच येतात.

निवृत्त मास्तर: सहा करायचे तर रुंदी ०.२५ घ्यावी लागेल. नोंदी एकाच दशांशस्थळापर्यंत आहेत, म्हणजे कुठल्या वर्गात दोन किमती, कुठल्यात तीन. ज्यात तीन, तो उगाच लठ्ठ दिसणार. पोरीचे आठच बरे.

गोठ्यातली: आलं! २, ५, १४, ८, ५, ४, १, १. बेरीज ४०. पण सारणीवरून सरासरी ३.७५ येते आणि वहीतले चाळीसही आकडे कॅल्क्युलेटरवर मारले तर ३.६९५. एवढा फरक पडतो का?

निवृत्त मास्तर: थोडा पडतोच, पण इथे कारण वेगळं आहे. मशीन ३.५ दाखवतं म्हणजे खरी फॅट ३.४५ ते ३.५५ मध्ये कुठेतरी. तुझ्या ३.५–३.७ वर्गात प्रत्यक्ष आहेत फक्त ३.५ आणि ३.६ वाले. म्हणजे खरा वर्ग ३.४५–३.६५ आणि वर्गमध्य ३.५५. तू धरलास ३.६. प्रत्येक वर्गात ०.०५ पुढे सरकलीस, सरासरीही तेवढीच फुगली. वर्ग ३.०५–३.२५ पासून सुरू कर. वारंवारता एकही बदलणार नाही, सीमेवर कुणी बसणार नाही, आणि सरासरी ३.७० येईल. सीमेचं भांडण मी वर्गात पस्तीस वर्षं सोडवलं, हा उपाय मात्र फार उशिरा सांगायला लागलो.

कॅनवाला: मास्तर, गणित तुमचं. पण ताई, त्या १४ मध्ये नुसते ३.५ चे किती?

गोठ्यातली: नऊ. ३.४ चे तीन, ३.६ चे पाच.

कॅनवाला: वाटलंच. आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरतात. त्याखाली गेलं की पॉइंटमागे, म्हणजे दर ०.१ ला, पैसे कापले जातात. बरोबर त्याच आकड्यावर गर्दी, आणि तुम्ही ०.२ चे वर्ग पाडून तीच झाकलीत. वर्ग न पाडलेली सारणीही शेजारी जोड. ३.१ ला एक, ३.२ ला एक, अशी सरळ.

गोठ्यातली: जोडली. पप्पांनाही दाखवली. बराच वेळ बघून म्हणाले, "काटा थांबतो गं कधीकधी तिथे." आमच्या मशीनला काटाच नाहीये, आकडे उमटतात.