ऑक्सिजनच्या नळीजवळची सिगारेट

सिगारेटमुळे घरात लागणाऱ्या आगीचे खरे कारण म्हणजे पेटती सिगारेट हातात असताना झोप लागणे, असे म्हटले जाते आणि ते बऱ्याच अंशी मान्य आहे; गादी किंवा सोफा तासन्‌तास आतल्या आत धुमसत राहतो आणि माणसाला जाग येण्याआधीच खोलीत धूर कोंडतो. परंतु पूर्ण जागे असतानाही भाजण्याचा एक प्रकार या चर्चेत सुटून जातो. सीओपीडी या फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजारामुळे घरी नाकाशी लावलेल्या नळीतून ऑक्सिजन घेणारे अनेक रुग्ण आयुष्यभर धूम्रपान केलेले असतात आणि त्यांतील काहींची सवय सुटलेली नसते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण इतर वस्तू जळण्यास तो मदत करतो. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. नळी नाकाशी असताना चेहऱ्याभोवतीचे त्याचे प्रमाण वाढते, तो दाढीमिशांत, कपड्यांत आणि पांघरुणात साठतो, आणि अशा वेळी साध्या ठिणगीनेही प्लॅस्टिकची नळी भडकून चेहरा, नाकपुड्या आणि कधी श्वासनलिकाही भाजते. 'मशीन बंद करूनच ओढतो' हे आश्वासन पुरेसे नाही, कारण कपड्यांत साठलेला ऑक्सिजन लगेच निघून जात नाही. (देवघरातील निरांजन आणि गॅसची शेगडी यांनाही हेच लागू आहे.)

इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या घरगुती ऑक्सिजन सेवेत नळीला आग लागताच प्रवाह थांबवणारी छोटी झडप बसवतात. कोविडनंतर आपल्याकडेही अनेक घरांत कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारी यंत्रे, आले आहेत. ते विकत किंवा भाड्याने घेताना ही झडप आवर्जून मागावी, आणि रुग्ण अजून ओढत असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.