'किमान सात वर्षांपर्यंत' : हे मराठी बरोबर आहे का?

पलूसकर
आमच्या मंडळाने तहसीलदारांना निवेदन द्यायचं ठरवलंय. विषय असा की कोवळ्या पोरांच्या हातात गावठी कट्टे आणि कोयते दिसायला लागलेत, तर शिक्षा कडक करा. मजकूर लिहायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं. खर्ड्यात एक वाक्य आहे: 'अवैध शस्त्र बाळगणाऱ्या बालगुन्हेगारांना किमान सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा व्हावी.' वाचताना कुठंतरी खटकतं. दुसरं, 'बालगुन्हेगार' लिहावं की पोलिसांच्या प्रेसनोटमधला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' (म्हणजे कायद्याशी संघर्षात आलेलं मूल)? तो शब्द बैठकीत वाचला तर निम्मी मंडळी हसली.

कोर्टपायरी (सातारा)
'किमान' आणि 'पर्यंत' एका वाक्यात नांदत नाहीत. किमान ही खालची मर्यादा, पर्यंत ही वरची. 'किमान सात वर्षे' लिहा, नाहीतर 'सात वर्षांपर्यंत' लिहा. पेपरातसुद्धा ही चूक सर्रास असते.

पण ही नुसती व्याकरणाची चूक समजू नका. शिक्षा कडक झाली म्हणजे नक्की काय झालं, ते या एका शब्दावर ठरतं. शस्त्र अधिनियम १९५९चा. त्यात २०१९च्या डिसेंबरात दुरुस्ती झाली. विनापरवाना अग्निशस्त्र नुसतं जवळ बाळगलं तर आधी किमान एक आणि कमाल तीन वर्षे होती, आता किमान दोन आणि कमाल पाच. तेच शस्त्र बनवलं, विकलं किंवा विक्रीसाठी जवळ ठेवलं तर आधी किमान तीन, कमाल सात होती. आता किमान सात आणि कमाल थेट जन्मठेप. म्हणजे तुमच्या वाक्यातलं 'बाळगणाऱ्या' हे क्रियापदही तपासून घ्या. बाळगणं आणि विक्रीसाठी बाळगणं यांत कायद्याने केवढं अंतर ठेवलंय बघा.

आता मुलांकडे येऊ. २०१५च्या बाल न्याय कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाचा खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा का, हा प्रश्न सर्वात वरच्या वर्गातल्या गुन्ह्यापुरताच निघतो. तो वर्ग म्हणजे ज्याची *किमान* शिक्षा सात वर्षे किंवा जास्त आहे. कमाल कितीही असो, तिचा इथे उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०च्या निकालात हेच स्पष्ट केलं.

आता गंमत बघा. खुनाच्या प्रयत्नाला दहा वर्षांपर्यंत, आणि इजा झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण किमान शिक्षा लिहिलेलीच नाही. त्यामुळे कोयत्याने डोक्यात वार करणारा सतरा वर्षांचा पोरगा त्या वर्गात बसत नाही. आणि कट्टा विकताना सापडलेला त्याच वयाचा पोरगा २०१९नंतर बसतो. मला हे उफराटं वाटतं, पण कायदा आज असा आहे.

पलूसकर
म्हणजे वरच्या वर्गात बसला की सरळ जेल?

कोर्टपायरी (सातारा)
नाही. आधी बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. पोराची मानसिक-शारीरिक कुवत, परिणामांची समज, गुन्हा कोणत्या परिस्थितीत झाला, हे सगळं बघतं आणि मग ठरवतं. पुढे मोठ्या माणसासारख्या खटल्यासाठी बाल न्यायालयात गेला तरी फाशी देता येत नाही, आणि सुटकेची आशाच नाही अशी जन्मठेपही देता येत नाही. मंडळाकडेच राहिला तर जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात.

वाईची माहेरवाशीण
मंडळी हसली याचं मला नवल वाटत नाही. दोष 'ग्रस्त'चा आहे. आपल्याकडे पूरग्रस्त, कोयनेचे धरणग्रस्त, भूकंपग्रस्त. ग्रस्त म्हणजे ज्याच्यावर काहीतरी कोसळलं तो. इथे तर पोराने दुसऱ्याला मारलंय! त्यात 'विधी' म्हटलं की आपल्याला लग्नातला विधी आठवतो.

पण शब्द बदलायला कारण होतं. २०१५च्या कायद्यात एक तत्त्वच लिहून ठेवलंय की मुलाच्या बाबतीतल्या कामकाजात आरोप ठेवणारे, शिक्का मारणारे शब्द वापरायचे नाहीत. 'बालगुन्हेगार' हा शिक्काच झाला, आणि निकाल लागण्याआधीच मारलेला. तुमचं निवेदन सरकारी कागद होणार आहे, तेव्हा साधं 'अल्पवयीन मुले' लिहा. कुणी हसणार नाही, कुणी हरकतही घेणार नाही. आणि कृपा करून कुठल्या पोराचं नाव किंवा शाळा घालू नका. ओळख उघड करायला कायद्यानेच मनाई आहे.

ऊसकरी (वाळवा)
राव, कोयत्याला शस्त्र लिहू नका एवढंच सांगायचंय. आमच्याकडं हंगामाला टोळ्या येतात, तवा मुकादम विचारतो 'किती कोयते?' एक कोयता म्हंजे नवरा-बायकोची जोडी. माणसं मोजायचा शब्द हाय तो. पुण्याच्या बातम्यांनी 'कोयता गँग' करून ठेवली आणि आता उसाच्या फडातनं घरी जाणारा गडी बी नाक्यावर अडवत्यात.

कोर्टपायरी (सातारा)
दादा, तुमचं म्हणणं कायद्यातही आहे. शस्त्राच्या व्याख्येतून निव्वळ घरगुती किंवा शेतीकामासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. म्हणून नुसतं 'कोयता सापडला' एवढ्यावर भागत नाही, तो कुठे, कसा आणि कशासाठी जवळ होता ते दाखवावं लागतं. ठाण्यात '३/२५' (म्हणजे शस्त्र अधिनियमाची कलमं ३ आणि २५) म्हणाले तर बंदूक-पिस्तूल समजा आणि '४/२५' म्हणाले तर धारदार हत्यार. निवेदनात दोन्ही एका दमात कोंबू नका, कलमं वेगळी आहेत.

आप्पा तासगाव
कडक, कठोर, सक्त यात फरक काय करता? सक्तमजुरी हा कोर्टाचा शब्द, साध्या कैदेच्या विरुद्ध. कठोर हा भाषणातला. आणि 'दंड' लिहिताना जपा, मराठीत दंड म्हणजे पैसे. हिंदीवरून उचललेल्या बातमीत 'सात वर्षांचा दंड' वाचून मी कपाळावर हात मारला होता.

आमच्या भागात कडक शिक्षेला जुना शब्द पत्री. नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात गावगुंडांना आणि खबऱ्यांना तळपायावर मार बसायचा, म्हणून लोक त्याला पत्री सरकार म्हणायला लागले. आमची आजी चिडली की 'पत्र्या ठोकायला पायजेत' म्हणायची.

वाईची माहेरवाशीण
आप्पा, ते निवेदनात घालू नका म्हणजे झालं. :)

पलूसकर
सुधारून लिहिलं: 'अल्पवयीन मुलांकडून अवैध अग्निशस्त्रांची विक्री व वापर होण्याचे प्रकार रोखण्यासाठी सध्याच्या तरतुदींची कडक अंमलबजावणी व्हावी; तसेच खुनाच्या प्रयत्नाच्या गुन्ह्यास किमान शिक्षा निश्चित करण्याबाबत शासनाकडे शिफारस करावी.' चालेल? एक सदस्य म्हणतायत की पोरांच्या मागे जो 'भाई' असतो त्याचं काय, त्याच्यासाठी एक शब्द हवा.

कोर्टपायरी (सातारा)
वाक्य चाललं. तहसीलदार ते फक्त वर पाठवतील, पण वाक्य चोख आहे.

भाईसाठी कलम आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ९५. मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला किमान तीन, कमाल दहा वर्षे आणि वर दंड (हा पैशाचाच, आप्पा). मुलाने तो गुन्हा खरंच केला तर लावणाऱ्याला त्या गुन्ह्याची शिक्षा, जणू त्यानेच केला. बातम्यांमध्ये हे कलम फारसं दिसत नाही, पोराच्या वयावरच चर्चा अडते. शब्द 'नियुक्त करणे' वगैरे नको.

ऊसकरी (वाळवा)
आमच्यात 'पोरं पुढं घालणं' म्हणत्यात. भांडणात बी आणि मोर्चात बी.

कोर्टपायरी (सातारा)
हेच घ्या. 'अल्पवयीन मुलांना पुढे घालून गुन्हे करवून घेणाऱ्या प्रौढांवर कलम ९५ अन्वये गुन्हे दाखल करावेत.' हे वाक्य निवेदनात पहिलं टाका.