श्रीलंकेत डास तसेच आहेत, मग मलेरिया गेला कसा?

चौकस_बोका:
श्रीलंकेला डब्ल्यूएचओने 2016 मध्येच मलेरियामुक्त म्हणून सर्टिफिकेट दिलंय म्हणे. आता तिथे पाऊस आहे, भातशेती आहे, डास भरपूर, डेंग्यू तर जोरात असतो, मग एकटा मलेरियाच कसा काय गेला? डास मारले असते तर डेंग्यूपण कमी झाला असता ना? की नुसते कागदावरचे आकडे?

तापमापक:
डेंग्यूचा डास वेगळा रे, एडिस, दिवसा चावतो, कुंड्या-टायरमध्ये वाढतो. मलेरियाचा ॲनोफिलीस, त्यातही तिकडची मुख्य जात नदी आटली की पात्रात जी डबकी राहतात त्यात अंडी घालते. म्हणून तर 1934-35 ची भयंकर साथ दुष्काळात आली, सुमारे 80 हजार माणसं गेली. पण डास संपलेले नाहीत हे तुझं बरोबर. संपवला तो माणसाच्या रक्तातला परजीवी. डासाला चावून काही मिळालंच नाही तर तो पुढे देणार काय? म्हणजे ताप आलेल्यांचं रक्त तपासायचं, पॉझिटिव्ह निघाला की पूर्ण औषध, मग आजूबाजूच्या घरांतही तपासणी. व्हायवॅक्स ही या परजीवीची एक जात, ती लिव्हरमध्ये लपून बसते आणि काही महिन्यांनी परत उठते, त्यामुळे तिला तिथेच मारणाऱ्या प्रायमाक्विनचे 14 दिवस पुरे करून घेणं हे खरं किचकट काम, ताप उतरल्यावर गोळ्या कोण खातंय! आणि कागदाचं म्हणशील तर सलग 3 वर्षं देशात एकही लोकल लागण नाही हे सिद्ध करावं लागतं. त्यांची शेवटची ऑक्टोबर 2012 ची.

जुनी_फाईल:
ते ठीक, पण 1963 ला पण त्यांच्याकडे फक्त 17 केसेस होत्या! मग पर्यावरणवाल्यांनी डीडीटीच्या डासमार फवारणीवर बंदी आणली आणि आकडा 5 लाखांवर गेला.

तापमापक:
हे सगळीकडे फिरतं पण तारखा जुळत नाहीत. फवारणी थांबवली ती केसेसच नाहीत म्हणून, कशाला खर्च. तपासणीही ढिली पडली. 1968-69 ला उसळला तेव्हा डीडीटी परत मारलंच की, पण डास त्याला दाद देईनात, शेवटी मॅलेथिऑन या दुसऱ्या कीटकनाशकावर जावं लागलं. आपल्याकडे काय वेगळं झालं? 60 च्या दशकात लाखाच्या आसपास आणलेल्या केसेस 1976 ला 64 लाख.

रानवाट:
मला तर तिथल्या यादवी युद्धाचा भाग जास्त भारी वाटतो. 1999 ला अडीच लाखांच्या वर केसेस होत्या, आणि 2008 ला हजाराच्या आत, म्हणजे युद्ध संपायच्या आधीच! सगळ्यात जास्त मलेरिया उत्तर-पूर्वेला, जिथे लढाई. तरी एलटीटीईच्या, म्हणजे तमिळ बंडखोरांच्या भागातही मच्छरदाण्या, औषधं पोचत होती, गाडीतून फिरते दवाखाने जायचे. गोळीबार चालू असताना कोणीतरी रक्ताच्या स्लाइड घेत फिरत होतं, त्यांची नावं कुठे येत नाहीत.

चौकस_बोका:
ओके म्हणजे आता निवांत?

तापमापक:
निवांत कसले. बाहेरून येणाऱ्यांबरोबर केसेस येतच राहतात, आणि नव्या डॉक्टरांनी मलेरियाचा पेशंटच पाहिलेला नसतो, मग निदानाला उशीर. त्यात सर्टिफिकेट मिळालं त्याच वर्षी मन्नारला स्टेफेन्सी हा मलेरियाचा दुसरा डास सापडला, जो आधी त्यांच्या बेटावर नव्हता. विहिरी, टाक्या, शहर त्याला सगळं चालतं.

रानवाट:
स्टेफेन्सी म्हणजे आपल्या शहरांतलाच ना?

तापमापक:
हो, तोच.