"कामाला माणसंच मिळत नाहीत" ही बातमी रेडिओवर कशी करायची?

मायक्रोफोनवाली
नमस्कार मंडळी, मी रेडिओसाठी बातम्या करते, सध्या कामगारांची टंचाई आणि महागाई हा विषय माझ्याकडे आहे. चार मिनिटं मिळतात. अडचण अशी की ज्या मालकाला विचारावं तो म्हणतो माणसंच मिळत नाहीत, आणि त्याच दिवशी काम शोधणारे भेटतात ते म्हणतात कधीपासून अर्ज करतोय, कोणी बोलवतच नाही. मला दोघंही खरे वाटतात. मग बातमी नक्की काय? आणि आकडे सांगायला लागलं की ऐकणारा हरवतो, पेपरात मागे जाऊन परत वाचता येतं, रेडिओवर गेलेलं वाक्य गेलंच. कोणी असं काम केलंय का?

आकडेमोड
दोघं खरंच बोलतायत हो. रिकाम्या जागा आणि बेरोजगार एकाच वेळी कसे असतात ह्याच प्रश्नावरच्या कामासाठी २०१० चं अर्थशास्त्राचं नोबेल डायमंड, मॉर्टेन्सन आणि पिसारिडीस ह्या तिघांना मिळालं. काम एकीकडे, माणूस दुसरीकडे, कौशल्य तिसरंच, जुळायला वेळ लागतो.
पण "माणसं मिळत नाहीत" हे अर्धंच वाक्य आहे, पुढचं अर्धं तुम्ही विचारायचं: किती पगाराला? किती वाजता? २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये ट्रक ड्रायव्हर कमी पडले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या तेव्हा लायसन असलेले कित्येक जण होते की, पण कामाचे तास आणि रस्त्यावरचे हाल ह्याला कंटाळून दुसरीकडे गेलेले. (कोविडमुळे ड्रायव्हिंग टेस्ट बंद होत्या, ब्रेक्झिट म्हणजे ब्रिटनचं युरोपियन युनियनमधून बाहेर पडणं होतं, तीही कारणं होतीच.)
अजून एक, बेरोजगार कोणाला म्हणतात ते बघून घ्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत आठवड्यात एक तास पैसे मिळणारं काम केलं तरी माणूस बेरोजगार नाही, आणि शोधून थकून शोधणंच सोडलेला माणूसही त्यात धरत नाहीत. त्यामुळे बेरोजगारी घटली म्हणजे काम वाढलंच असं नाही.

जुना निर्माता
एका बातमीत एकच आकडा. तोही "एकतीस पूर्णांक काही टक्के" नको, "दहातले तीन" म्हणा, कानाला तेवढंच झेपतं. टक्के आणि टक्क्यांची वाढ ह्यात गल्लत करू नका, ४ टक्क्यांवरून ५ वर गेलं तर आकडा एकाने वाढला, पण आधीच्या चारच्या हिशोबाने ती पंचवीस टक्क्यांची वाढ.
आणि महागाई कमी झाली म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं कधीही बोलू नका!! अमेरिकेत महागाईचा दर जून २०२२ ला ९.१ टक्के होता, वर्षभराने ३ वर आला, म्हणजे भाव वाढायचे थांबले नव्हते, फक्त हळू वाढत होते. लोकांना घरात जाणवतं एक आणि बातमी सांगते दुसरं, मग आपल्यावरचा विश्वास उडतो.
लोकांना "महागाईबद्दल काय वाटतं" असं विचारलं की सगळे तेच बोलतात. "ह्या महिन्यात काय घ्यायचं राहिलं?" विचारा आणि गप्प बसा. ती शांतता कापू नका.

रात्रपाळी
मी पत्रकार नाही, गोदामात काम करते. आमच्याकडे पण कायम जागा रिकाम्या, कारण पाळी सुटते तेव्हा घरी जायला गाडी नसते आणि लहान मूल असेल तर रात्री ठेवायचं कुठे, ज्या बायका सोडून गेल्या त्यातली एकही आळशी नव्हती हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पगार वाढला पण भाडं त्याहून जास्त वाढलं, तर तो वाढला कसला. एकच विनंती, आमच्यासारख्यांना साहेबासमोर माइक लावू नका, तिथे आम्ही सगळं बरंय असंच सांगतो.

मायक्रोफोनवाली
खूप आभार सगळ्यांचे. ही चूक मी केलीये, दोन मुलाखती मॅनेजरच्या केबिनमध्येच घेतल्यात, त्या मी वापरत नाही आता. मालकाकडे परत जाऊन पगार आणि वेळ विचारते. रात्रपाळी ताई, तुम्ही बोलाल का? नाव नाही, कामाची जागा नाही, हवं तर आवाजही बदलू.

रात्रपाळी
बोलेन. पण दुपारी चारनंतर, त्याच्या आधी झोपलेली असते.