परदेशी विद्यापीठांशी केलेले करार फायलीतच राहतात. चालती भागीदारी उभी कशी करायची?

नवखा_कक्ष विचारतात:

विद्यापीठाकडे परदेशी संस्थांशी केलेले तीसेक सामंजस्य करार आहेत. त्यातले हलतात तीन-चार. बाकीच्यांत सह्या झाल्या, फोटो निघाला, फाईल बंद. पुढच्या पाच वर्षांच्या आराखड्यात संशोधन, विद्यार्थी देवाणघेवाण आणि लोकांमध्ये जाऊन करायचं काम अशी तीन कलमं घालायची आहेत. नवा भागीदार निवडायचा कसा, करारात काय लिहायचं आणि गाडी नेमकी कुठे अडते, हे जाणकारांनी सांगावं. 'परस्पर सहकार्य वृद्धिंगत करावे' छापाची वाक्यं भरपूर आहेत, ती नकोत.

अनुबंध:

भागीदार शोधायला आधी आपल्याच घरात बघा. ओपनअ‍ॅलेक्स हा शोधनिबंधांच्या नोंदींचा खुला साठा आहे. त्यात आपल्या विद्यापीठाचं नाव टाकून गेल्या पाच वर्षांतले निबंध काढा आणि सहलेखकांच्या संस्था मोजा. ज्यांच्याशी कागदावर काहीच नाही, पण दोन-तीन विभागांतले लोक वर्षानुवर्षं ज्यांच्याबरोबर लिहितायत, अशी एखादी संस्था बहुतेक वेळा सापडते. पहिलं पत्र तिला पाठवा.

फक्त कणभौतिकीचे निबंध आधी बाजूला काढा. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या अ‍ॅटलास आणि सीएमएस या प्रयोगांनी २०१५ साली हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर जो निबंध काढला त्याला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पानं नुसती लेखकांची आणि संस्थांची यादी. असा एक निबंध मोजणीत आला की आपण बसल्या जागी शेकडो विद्यापीठांचे 'भागीदार' होतो. पन्नासच्या वर लेखक असलेले निबंध गाळून पुन्हा मोजा.

मुख्य सामंजस्य करार दोन पानांचा पुरे: हेतू, मुदत, आणि 'यातून कोणतंही आर्थिक बंधन येत नाही' हे वाक्य. पैसा, जागा, बौद्धिक संपदा, विद्यार्थी हे सगळं स्वतंत्र जोडकरारांत जातं. निदान एका जोडकराराचा मसुदा तयार होईपर्यंत मुख्य कराराची सही थांबवून धरा. दौऱ्याची तारीख आधी ठरते आणि मग तिच्यासाठी करार शोधला जातो, तुमच्या बंद फायलींपैकी निम्म्या तरी अशाच आलेल्या असणार. समन्वयक दोन्हीकडे दोन-दोन हवेत, एक विषयातला प्राध्यापक आणि एक परदेशी संबंध कक्षातला. कक्षाचा ईमेल पदाच्या नावाने ठेवा. माणूस निवृत्त झाला की त्याच्या खात्याबरोबर पत्रव्यवहारही जातो.

पहिलं काम मुद्दाम लहान घ्या. कोणीही प्रवास न करता दोन वर्गांनी मिळून पाच-सहा आठवड्यांचा एखादा भाग शिकायचा, या पद्धतीला 'कॉइल' म्हणतात. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये त्यासाठी केंद्र सुरू केलं. व्हिसा नाही, शुल्क नाही, आणि समोरचा प्राध्यापक ईमेलला किती दिवसांनी उत्तर देतो ते फुकटात कळतं. वेळा मात्र यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहा. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपातली शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत निम्मा वर्ग तासभर चुकीच्या वेळी हजर होतो.

श्रेयांक:

विद्यार्थी देवाणघेवाणीबद्दल लिहितो.

क्रेडिटचं गणित सोपं आहे. युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट, एका क्रेडिटला विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास, त्यात घरचा अभ्यासही धरलेला. ब्रिटनमध्ये वर्षाचे १२०, अमेरिकेत साधारण ३०. म्हणजे युरोपचा एक क्रेडिट म्हणजे ब्रिटनचे दोन, आणि युरोपचे दोन म्हणजे अमेरिकेचा एक. अडतं ते गुणांवर. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास, अमेरिकेत ४.० म्हणजे अव्वल. परीक्षा विभागातल्या माणसाने आकडा तसाच उचलला तर हुशार मुलगी काठावर पास होते. रूपांतराचा तक्ता विद्यापरिषदेकडून आधीच मंजूर करून घ्या आणि जोडकरारालाच चिकटवा.

मुलगा निघण्याआधी एक कागद हवाच: आपला विषय, त्यांचा विषय, क्रेडिट, आणि विभागप्रमुखाची सही. युरोपच्या इरॅस्मस या देवाणघेवाण योजनेत याला शिक्षण करार म्हणतात. त्यावर विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि घेणारी संस्था अशा तिघांच्या सह्या असतात. तिथे गेल्यावर एखादा विषय भरलेला निघतो किंवा त्या सत्रात शिकवतच नाहीत, हे नेहमीचं. म्हणून प्रत्येक विषयाला एक पर्यायी विषय त्याच कागदावर मंजूर ठेवा, नाहीतर परत आल्यावर 'तुमचा विषय आमच्याकडे नाही' हे उत्तर ठरलेलं.

कॅलेंडर शेजारी-शेजारी ठेवून बघा. जर्मनीतलं हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं, व्याख्यानं फेब्रुवारीपर्यंत चालतात, परीक्षा त्यानंतर. ज्याला जानेवारीत आपल्या वर्गात परत बसायचंय तो परीक्षा न देताच निघतो आणि हाती शून्य क्रेडिट येतात. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, ऑस्ट्रेलियाचं फेब्रुवारी-मार्चला. नामनिर्देशन, अर्ज, प्रवेशपत्र, व्हिसा ही साखळी सहा ते आठ महिन्यांची धरा. प्रवेशपत्र सत्राच्या तीन महिने आधी हाती नसेल तर व्हिसा वेळेत मिळेल असं गृहीत धरू नका.

शुल्कमाफी दोन्ही बाजूंनी असते, विद्यार्थी शुल्क आपल्याच विद्यापीठात भरतो. त्यामुळे आकडा समतोल लागतो. मोजणी डोक्यांनी न करता सत्रांनी करा (वर्षभर आलेला एक म्हणजे दोन) आणि हिशोब दरवर्षी न करता कराराच्या अखेरीस. तिकडून कोणी येत नसेल तर त्यांचे उन्हाळी लघुअभ्यासक्रमाचे विद्यार्थी ठरावीक प्रमाणात धरता येतात. चारास एक सत्र वगैरे, प्रमाण करारात लिहा.

प्रयोगवही:

संशोधनात भांडणं विज्ञानावरून क्वचितच होतात. पैसा, नमुने आणि लेखकांचा क्रम, याच तीन गोष्टींवरून होतात.

पैशाचं आधी. होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन निधी योजनेतल्या (२०२१–२७) नेहमीच्या सहयोगी प्रकल्पाला संघाच्या सदस्य किंवा संलग्न देशांपैकी किमान तीन देशांतल्या तीन स्वतंत्र संस्था लागतात, त्यातली एक तरी सदस्य देशातली. तिथे अप्रत्यक्ष खर्च (ओव्हरहेड, म्हणजे वीज, जागा, कार्यालय वगैरे) थेट खर्चाच्या सरसकट २५ टक्के धरतात. त्यांचा लेखा विभाग ते गृहीत धरून चालतो, आपला 'ओव्हरहेड कशाला?' म्हणून अडवतो. अर्जाच्या मसुद्यातच दोन्ही लेखा विभागांना एका बैठकीत बसवा. आणि हप्ता आगाऊ की खर्च झाल्यावर, हे आधी विचारा. छोट्या संस्थेला सहा महिन्यांचे पगार स्वतःच्या खिशातून देऊन मग परतावा मागणं झेपत नाही. तिथला सहायक सोडून जातो, काम थांबतं, आणि अहवालात 'भागीदाराकडून विलंब' असं लिहिलं जातं.

नमुने: वनस्पती, सूक्ष्मजीव, प्राणी यांचा जैविक नमुना सीमेपलीकडे जाणार असेल तर नागोया प्रोटोकॉल हा जैविक साधनांच्या लाभवाटपाचा आंतरराष्ट्रीय करार बघा. तो २०१० मध्ये स्वीकारला गेला आणि १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे. देणाऱ्या देशाची पूर्वसंमती आणि लाभवाटपाच्या अटी आधी, कुरिअर नंतर. नमुना हस्तांतर करारात 'नमुन्यातून काढलेली माहिती' कोणाची, हेही लिहा. डीएनए क्रमवारी ईमेलने जाते, तिला डबा लागत नाही. माणसांची माहिती असेल तर नीतिसमितीची परवानगी दोन्हीकडे घ्या. नावाऐवजी संकेतांक टाकला आणि किल्ली (कोणता संकेतांक कोणाचा ही यादी) कपाटात ठेवली, तरी युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यानुसार ती वैयक्तिक माहितीच राहते.

लेखकत्व पहिल्या महिन्यात लिहून ठेवा: कोण काय करणार, त्यावरून नाव कुठे. सीमापार संशोधनावर २०१३ चं माँट्रियल निवेदन आहे, त्यातल्या जबाबदाऱ्यांची यादी बैठकीची विषयपत्रिका म्हणून सरळ वापरता येते. नाहीतर नमुने गोळा करणारे आभारात आणि विश्लेषण करणारे शीर्षकाखाली, हे ठरलेलं. 'हेलिकॉप्टर संशोधन' म्हणतात ते हेच.

ओटीवर:

तिसरं कलम, म्हणजे लोकांमध्ये जाऊन करायचं काम, सगळे नेहमी शेवटी उरलेल्या जागेत लिहितात, म्हणून वेगळं सांगते.

दोन आठवड्यांसाठी वीस परदेशी विद्यार्थी येतात तेव्हा त्यांची सोय, दुभाषी, गाड्या, ओळखी हे सगळं स्थानिक संस्था करते, आणि अंदाजपत्रकात तिच्या नावाने एक ओळही नसते. तिच्या कार्यकर्त्यांच्या तासांचं मानधन वेगळ्या शीर्षाखाली दाखवा. मुक्काम निदान आठ आठवड्यांचा ठेवा. त्याहून कमी असेल तर मुलांना निरीक्षणच करू द्या, काम देऊ नका. दरवर्षी नवी जागा नको. तीच वस्ती, त्याच प्रश्नाचा पुढचा टप्पा, आणि मागच्या तुकडीचा अहवाल तिथल्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय पुढची तुकडी येऊ द्यायची नाही.

नमुना म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांची २०१७ ची संशोधन आचारसंहिता वाचा. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी, आणि त्याबरोबर प्रक्रिया: प्रस्ताव आधी त्यांच्या परिषदेकडे जातो. वस्तीला 'नाही' म्हणायची जागा तुमच्या जोडकरारात कुठे आहे ते शोधा. बहुतेक मसुद्यांत ती नसतेच.

दुसरं उदाहरण केनियातलं. मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ यांची एल्डोरेटमधली, तीन दशकांहून जुनी भागीदारी. त्यातूनच २००१ मध्ये एचआयव्ही उपचारांचा अँपाथ हा कार्यक्रम उभा राहिला. तिथे क्रम ठरलेला आहे: रुग्णसेवा पुढे, शिक्षण आणि संशोधन तिच्या मागे. इंडियानाचे डॉक्टर तिथे दीर्घ मुदतीने राहून काम करतात. तुमच्या आराखड्यात नेमका उलटा क्रम असेल, तर तो आत्ताच बदला.

नवखा_कक्ष:

आभार. एक राहिलं. न हलणारे करार रद्द करायचे, की मुदत संपू द्यायची? समोरच्याला वाईट वाटेल अशी भीती वरून व्यक्त होते.

अनुबंध:

मुदत संपू द्या, पण 'आपोआप नूतनीकरण' हे कलम आहे का ते आधी तपासा. असेल तर नोटिशीची तारीख गाठा. ती बहुधा तीन किंवा सहा महिने आधीची असते. पत्रात कारणं नकोत. 'चालू मुदतीनंतर नूतनीकरण प्रस्तावित नाही, ठोस उपक्रम पुढे आल्यास नवा जोडकरार करू' इतकं पुरे. तिकडच्या कक्षातही तशाच तीस फायली पडलेल्या असतात, त्यांनाही सुटका हवीच असते.

श्रेयांक:

आणि एखादा विद्यार्थी तिकडे असताना मुदत संपत असेल, तर 'सुरू झालेलं सत्र जुन्याच अटींवर पूर्ण होईल' हे कलम मूळ करारात आहे का बघा. नसेल तर आधी तेवढ्यापुरतं एका पानाचं पुरवणीपत्र करून घ्या आणि मगच नूतनीकरण नाकारण्याचं पत्र पाठवा. नाहीतर सत्राच्या मध्यात त्या मुलाला पूर्ण शुल्काचं बिल येतं.