मदत हवी आहे: क्लचच्या दात्यांना कोणतं ग्रीस लावावं?

राम राम मंडळी. केबल क्लचची पेट्रोल गाडी आहे, गिअरबॉक्स उतरवलाय, क्लच सेट नवा. इनपुट शाफ्टच्या (गिअरबॉक्सचा दांडा, ज्यावर क्लच प्लेट सरकते) दात्यांवर जुन्या ग्रीसमध्ये धूळ बसून काळी, खरखरीत मळी झाली होती. प्लेट शाफ्टवर अडकून सरकत होती, म्हणून पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स करकरत पडायचा.

दाते ब्रशनं कोरडे केलेत. आता ग्रीस अगदी पातळ लावून, प्लेट दोन-तीनदा मागंपुढं सरकवून, बाहेर आलेलं पुसून घेणार. जास्त राहिलं तर फिरताना उडून प्लेटच्या लाइनिंगवर (घर्षणाच्या थरावर) जातं आणि क्लच घसरतो. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) ढकलणाऱ्या फोर्कच्या टेकणीला नि टोकांना थोडंसं. रिलीज बेअरिंग सीलबंद आहे, त्याला पेट्रोलनं धुणार नाही.

अडचण एवढीच: परभणीकडं मे महिन्यात पारा 42 च्या पुढं, त्यात काळ्या मातीचा फुफाटा. साधं चेसिस ग्रीस वितळून वाहतं, ते नकोच. मॉलिब्डेनमवालं घ्यावं की हाय-टेम्परेचर लिथियम कॉम्प्लेक्स? नव्या प्लेटचा हब (मधला दातेरी भाग) चकचकीत निकेलचा दिसतोय. असा हब कोरडाच बसवतात ना? रिलीज बेअरिंग ज्यावर सरकतं ती नळीही कोरडी ठेवायची का? जाणकारांनी कृपया लवकर सांगा, उद्या गिअरबॉक्स चढवायचाय.