मदत हवी आहे: ९ वर्षांच्या मुलाला लहान थाळी की पूर्ण?

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं जळगाव, पाटणादेवी आणि तोरणमाळ फिरणार आहोत. मुलगी ५ वर्षांची, ती माझ्याच ताटात जेवते. प्रश्न मुलाचा आहे. लहान मुलांची थाळी घेतली तर तासाभरात पुन्हा भूक लागते. पूर्ण घेतली तर वरण-भात तसाच उरतो, आणि अन्न टाकलेलं मला खरंच बघवत नाही. त्यात शेवभाजीचा झणझणीत रस्सा त्याला सोसेल का? भरीत आणि कळण्याची भाकरी मात्र तो आवडीने खाईल. तिकडे भाजी-भाकरी सुटी मिळते का? रस्सा कमी तिखट करून देतात का? आणि तोरणमाळचा घाट चढण्याआधी शहाद्यातच जेवून घ्यावं का? मुलांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा.